थेडी टॅल्टीची घोडी

फेस्टी येणार नाही असं सगळं किलवारा गाव म्हणत होतं, आणि गावाचं म्हणणं खोटं पाडायला डेलियाला फार आवडायचं. लहानपणापासूनची खोड. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली तशी ती घरी न जाता सरळ धाकट्या भावाच्या शेतावर गेली. गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि चांगल्या बुटांना लागलेल्या शेणाकडं न बघता म्हणाली, "फेस्टी, दुपारी माझ्याकडं जेवायला यायचं."

"तो येणाराय का?"

"त्याच्यासाठीच तर जेवण आहे."

"मग मला भूक नाही."

तीस वर्षं हेच उत्तर. डेलियाच्या लेकीच्या लग्नात हेच, आईच्या वर्षश्राद्धाला हेच. मॅलकी, त्यांचा दुसरा भाऊ, एका दारानं आत आला की फेस्टी दुसऱ्या दारानं बाहेर. बापाच्या मयतीला दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले होते, आणि मधे बाप.

"हे बघ," डेलिया म्हणाली, "मंगळवारी डब्लिनच्या इस्पितळात त्याचा गळा कापणारेत. आतलं स्वरयंत्रच काढून टाकायचंय. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही वाचायचा. तुला त्याच्याशी भांडायचं असेल ना, तर आजच काय ते भांडून घे. मंगळवारनंतर तू शिव्या घालशील आणि तो नुसता बघत बसेल. एकट्यानं भांडण्यात काय मजा आहे?"

फेस्टीच्या हातातलं फावडं थांबलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. डेलियानं ते ताडलं आणि मनात म्हणाली, लागला बाण.

"बिडीला माहीत होतं?" त्यानं विचारलं. बिडी त्याची बायको.

"गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. तुझ्यासमोर त्याचं नाव काढायची कोणाची छाती आहे?"

तो बराच वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी जेवेन. बोलणार नाही."

"जेव तर खरं," डेलिया म्हणाली आणि तो मन बदलायच्या आत तिथून निघाली.

तिचं घर म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. दुकान आता भाच्याच्या ताब्यात होतं, पण वरची मोठी खोली अजून टॅल्टी खानदानाची. बारशी, साखरपुडे, परदेशी निघालेल्यांचे निरोप, सगळं तिथंच व्हायचं. आज तिनं मेंढीची मांडी भट्टीत घातली होती, कोबी उकडायला ठेवला होता आणि बटाटे तर इतके सोलले होते की बिडी मदतीला आली ती हसायलाच लागली.

"पलटण येणाराय का जेवायला?"

"टॅल्टी आहेत. त्यांना पोटं कमी आणि हट्ट जास्त," डेलिया म्हणाली. "तुझा नवरा येतोय."

बिडीनं हातातली सुरी खाली ठेवली. "देवा," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "मला वाटलं होतं, मी एकटीच चोरून येतेय." तेवढ्यात तिला काही आठवलं. "डेलिया, मी मॅलकीचे सगळे सिनेमे पाहिलेत हे आज कोणाच्या तोंडून निघता कामा नये हं. फेस्टीला मी दर वेळी सांगते, बहिणीकडं जातेय."

"सगळे?"

"तो मरतो ते दोनदा दोनदा."

दोघी हसल्या. सिनेमात मॅलकी मरायचा फार. गोळी लागून, विष पिऊन, समुद्रात बुडून, एकदा तर डुकरांच्या खुराड्यात. गावी आला की लोक त्याला विचारायचे, काय रे, या खेपेला कितीदा मेलास? पडद्यावर पोराचे डोळे मिटायला लागले की त्याची आई पर्स उचलून थिएटराबाहेर जायची आणि दारावरच्या माणसाला विचारत राहायची, संपलं का त्याचं? यावं का आत?

किलवारात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. पण पाठीमागं बोलायला लागले की कोणी थांबायचं नाही. डेलिया तर नाहीच. डब्लिनच्या मोठ्या नाट्यगृहात मॅलकीनं पहिली दोन वर्षं नुसती ताटं उचलली, भाले धरले, दारं उघडली. तिसऱ्या वर्षी त्याला एक वाक्य मिळालं. 'गाडी आलीय, साहेब.' एवढंच. ते ऐकायला डेलिया दुकान बंद ठेवून दिवसभराचा आगगाडीचा प्रवास करून गेली होती. मॅलकी आत आला, टोपी काढली आणि ते वाक्य असं म्हणाला की डेलियाच्या पुढं बसलेली फर कोटवाली बाई खरंच वळून मागच्या दाराकडं बघायला लागली. गाडी बघायला. त्या क्षणी डेलियाला कळलं, हा आता आपल्या हातचा गेला. तिला रडू आलं, आणि इतका अभिमान वाटला की परतीच्या गाडीत तिनं अनोळखी माणसांना पकडून पकडून ते वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली की कोणी वळून बघत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढं कॉर्कला एकदा प्रयोगात दिवे गेले. इतर नट चाचपडत विंगेत गेले. मॅलकी जागचा हलला नाही. अख्खा अंक त्यानं मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर ओढून नेला, स्वतःचं बोलला, गेलेल्यांचंही बोलला, आणि एकही माणूस खुर्ची सोडून उठला नाही. लोक म्हणाले, आम्हाला दिसत होतं सगळं. असा तो आवाज. लंडनवाल्यांनी त्याच्यासाठी पैसा ओतला, अमेरिकावाल्यांनी विमानं पाठवली. आणि हा गावी आला की खिशात हात घालून बाजारात म्हाताऱ्यांचं ऐकत उभा. "ऐकतोस काय एवढं?" असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "चोरतोय."

चेष्टेत म्हणायचा. पण फेस्टीनं तो शब्द उचलला तो चेष्टेत नाही.

मोटार खाली थांबली तेव्हा फेस्टी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, अंगातला कोट न काढता. मॅलकीला त्याच्या लेकीनं, ऑर्लानं, डब्लिनहून आणलं होतं. तो जिना चढून आला. केस पांढरे, खांदे तेच, गळ्याला लोकरीचा रुमाल. दारातच भाऊ दिसला तसा थबकला.

"आलास," फेस्टी म्हणाला.

"आलो," मॅलकी म्हणाला.

तो आवाज. गोणपाट फरशीवरून ओढावा तसा. सहा महिन्यांपूर्वी डेलियानं रेडिओवर ऐकला होता तो कुठं गेला? बिडीनं तोंड फिरवलं आणि उगीच काटे-चमचे मोजायला लागली. फेस्टीनं मात्र मान वर करून भावाकडं नीट पाहिलं, तीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवण बरं झालं. शेजारचा पॅकी लूनी जेवायला होता म्हणून बरं झालं. पॅकीला गप्प बसणं या जन्मात जमलेलं नव्हतं, आणि दोन भावांच्या मधे त्याला बसवण्यात डेलियाची अक्कल होती. त्यानं मेंढीच्या भावापासून बिशपच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं काढलं. मॅलकी हसत होता, मान हलवत होता, मधूनच एखादा शब्द टाकत होता, आणि त्यानं शब्द टाकला की ऑर्ला कपाळाला आठी घालून त्याच्या हातावर हात ठेवत होती.

बशा उचलायच्या निमित्तानं तिनं आत्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"आत्या, डॉक्टरांनी एक शब्दसुद्धा बोलू नको म्हणून सांगितलंय. आज ताण पडला आणि गळा सुजला तर ऑपरेशन पुढं जाईल. पुढं गेलं तर मग—" तिनं वाक्य पुरं केलं नाही. "जेवणानंतर तुमची ती गाणीबिणी होणार. बाबांना कोणी उभं करू नका. मला वचन द्या."

डेलियानं हे सगळं मांडलं होतं ते कशासाठी? भावाचा आवाज शेवटचा एकदा या खोलीत ऐकायला, दुसरं काय. ते ती स्वतःशीही धड कबूल करत नव्हती. पण समोर पोर उभी होती, डोळे लाल झालेले, आणि बाप तिचा होता.

"कोणी त्याला हाक देणार नाही," डेलिया म्हणाली. "माझा शब्द." आणि जाऊन तिनं पॅकीच्या आणि बिडीच्या कानात तसं सांगितलं.

ही हाक म्हणजे किलवारातली फार जुनी रीत. चार माणसं जमली, पोटात अन्न आणि पेल्यात व्हिस्की गेली की आळीपाळीनं प्रत्येकानं उभं राहायचं आणि आपलं सादर करायचं. ज्याचं झालं त्याच्याकडं मानाची हाक. पुढं कोण, ते त्यानं सांगायचं, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं उठायचं. प्रत्येकाचं एक 'आपलं' असतं. कोणाचं गाणं, कोणाची नक्कल, कोणाची गोष्ट. ते त्याचंच. तो जिवंत असेतो दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. किलवारात माणूस शेजाऱ्याचा बांध कोरेल, पाणी तोडेल, चर्चमधली मेणबत्तीसुद्धा उचलेल, पण दुसऱ्याचं 'आपलं' नाही उचलायचा.

त्यांच्या बापाचं, थेडी टॅल्टीचं 'आपलं' म्हणजे घोडीची गोष्ट. ड्रमकीनच्या बाजारात त्यानं आपली करडी घोडी विकली, त्याची. स्वतःचीच, खरी घडलेली. गिऱ्हाईक डॉक्टर, एकडोळ्या दलाल आणि थेडी, तिघांचे तीन आवाज काढायचा. लोक दहा-दहा मैलांवरून ऐकायला यायचे.

आणि मॅलकीनं ती सिनेमात घेतली. घोड्याच्या व्यापाऱ्याचं काम होतं, लिहिणाऱ्यानं नुसतं 'सौदा होतो' एवढंच लिहिलं होतं, आणि मॅलकीनं तिथं बापाची अख्खी गोष्ट उभी केली. तोच खोकला, तीच टोपी मागं सारायची लकब. जग हसलं. बक्षिसं मिळाली. आणि बापानं स्वतः ती गोष्ट नंतर कधीही म्हटली नाही. सिनेमा पाहिल्यापासून मरेपर्यंत, एकदाही नाही. त्याच्या बाजूच्या खुर्चीत त्या दिवशी फेस्टी बसला होता.

पॅकी लूनीनं सुरुवात केली. त्याचं गाणं बुडालेल्या होडीचं, इतकं लांब की होडी बुडेपर्यंत चहा निवतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पॅकीनं हाक बिडीला दिली. बिडीनं डोळे मिटून दोन्ही हात पोटाशी धरून आपलं गाणं म्हटलं, माहेरच्या बेटावरचं. मॅलकी पुढं वाकून ऐकत होता, ओठ तिच्या शब्दांबरोबर किंचित हलत होते. गाणं संपलं.

"हाक तुझी, बिडी," पॅकी म्हणाला.

बिडीनं खोलीभर नजर फिरवली. डेलियानं तिला डोळ्यांनी बजावलं. बिडीनं मान डोलावली, आणि मग तिनं जे केलं ते डेलियाच्या स्वप्नातही नव्हतं.

"फेस्टी," ती म्हणाली.

फेस्टीला चाळीस वर्षांत कोणी हाक दिली नव्हती. त्याचं 'आपलं' काही नव्हतंच.

"माझं काही नाही, तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधी ना कधी व्हायला पाहिजे."

"का? एका घरात एक नकल्या पुरे नाही का?" तो आता बायकोशी बोलत नव्हता. "आणि असतं माझं काही, तर ते उचलून नेलं नसतं कशावरून?"

"फेस्टी," डेलिया म्हणाली.

"तू गप बस, डेलिया. तूच म्हणालीस ना भांडून घे म्हणून? मग भांडतोय." तो उठला. कान लाल झाले होते. "बापाकडं होतं काय? दगडं उगवणारी चार शेतं आणि ही एक गोष्ट. शेतं तू घेतली नाहीस, उपकार झाले. गोष्ट तेवढी घेतलीस. शेजारच्या खुर्चीत मी होतो रे. सगळं थिएटर खो-खो हसत होतं आणि म्हातारा दगडासारखा बसला होता. बाहेर आलो, चार मैल चालत घरी आलो. पुन्हा कधी म्हटली नाही त्यानं. पॅकीनं किती वेळा हाक दिली, विचार त्याला."

"खरं आहे," पॅकी हळूच म्हणाला. "म्हणायचा, नको आता."

मॅलकी पांढरा पडला होता. ऑर्लानं त्याचा दंड धरला, पण तो उठून भावासमोर येऊन उभा राहिला.

"तो काय म्हणाला?" त्यानं विचारलं. "चार मैल चाललात. त्या चार मैलांत काहीतरी बोलला असेल. मी पत्र पाठवलं, त्यानं उत्तरात पावसाचं लिहिलं. घरी आलो, तर गाईचं बोलला. मला कधीच कळलं नाही, फेस्टी. काय म्हणाला तो?"

"बाबा, बोलू नका," ऑर्ला म्हणाली.

फेस्टी खिडकीकडं बघत होता. "एकच वाक्य म्हणाला. पुलावर थांबून पाईप पेटवला आणि म्हणाला, 'पोरानं शेवट खाल्ला.'"

"काय?" मॅलकी म्हणाला.

"शेवट खाल्ला. सौद्याची हातावर टाळी पडली की तुझं संपलं आणि लोक हसले. घरी येतो ते कुठं होतं? आई कुठं होती? 'एवढ्या लोकांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, घोडी विकली म्हणून मी खूश होतो,' असं म्हणाला." फेस्टीनं दोन बोटं वर केली. "दोन वाक्यं झाली. ही दोन."

मॅलकी खाली बसला. मागं खुर्ची होती म्हणून बरं. त्यानं दोन्ही तळवे तोंडावर धरले. खांदे हलत होते आणि तो रडतोय की हसतोय हे डेलियाला समजेना. दोन्ही होतं ते.

"मी पुरती म्हटली होती," तो म्हणाला. "फेस्टी, आईच्या शपथेनं. शेवटासकट. त्या शेवटासाठी तर मी भांडून घेतली होती ती सिनेमात. कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसत होती. मग तो सिनेमा कापायला बसतात ना, जोडणारे, त्यातल्या कोणाला तरी वाटलं, हशा पिकलाय, इथंच थांबू. मला कोणी विचारलं नाही. मी लंडनला पहिल्या खेळाला कोट घालून बसलो होतो आणि सौद्याची टाळी पडली आणि पुढं एकदम दुसरंच. मी शेजारच्या बाईला विचारलं, माझा शेवट कुठं गेला? तिला वाटलं, प्यायलोय."

"तू नाही कापलास?"

"मी कशाला कापेन? मला वाटलं, मी चोरली म्हणून बाप रागावला. तुम्ही सगळे रागावलात. आणि ते बरोबरच होतं, चोरलीच होती. मग कोणत्या तोंडानं सांगणार की चोरली तर चोरली, पण निम्मीच दिसली?"

फेस्टी उभाच होता. डेलियानं त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षं ज्या भिंतीला पाठ लावून तो बसला होता ती अचानक मागून काढून घ्यावी, तसं त्याला झालं होतं. तिला त्याची दया आली आणि रागही आला. दोघांचाही. एका वाक्यानं मिटलं असतं. एकानं विचारायचं होतं, एकानं सांगायचं होतं. पण टॅल्टी ना. तोंड उघडायचं ते दुसऱ्याच्या गोष्टीला.

"म्हणजे म्हातारा तसाच गेला," फेस्टी म्हणाला. "तू खाल्लास, असं धरून."

"हो," मॅलकी म्हणाला.

फेस्टीनं घसा खाकरला. "हाक मला दिलीय ना बिडीनं? ज्याला येत नाही त्यानं ती दुसऱ्याला द्यावी, अशी रीत आहे. आहे ना, पॅकी?"

"आहे."

"मी मॅलकीला देतो. बापाची घोडी. पुरती."

"नाही," ऑर्ला उठली. "आत्या, तुम्ही शब्द दिला होता."

डेलियानं शब्द दिला होता, खरंच दिला होता. तिनं तोंड उघडलं, काय बोलणार होती देव जाणे, पण मॅलकीनं हात वर केला. लेकीचा चेहरा ओंजळीत धरला.

"मंगळवारनंतर मी इतका गप्प बसेन की तुला कंटाळा येईल," तो म्हणाला. "डॉक्टरला सांग, ऐकत नव्हता. त्याला खरं वाटेल."

ऑर्लानं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या गळ्याचा रुमाल सोडून घेतला, पाण्याचा पेला भरून हातात दिला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. रडत होती, पण उभी राहिली.

मॅलकी खोलीच्या मध्यावर आला. त्यानं नसलेली टोपी मागं सारली आणि थेडी टॅल्टी खोलीत आला. दुसरं काय म्हणायचं? बिडीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

त्या वर्षी गवत कुजलं होतं, घोडीला चारा उरला नव्हता. थेडी घोडी घेऊन पहाटेच बाजाराला निघाला. तो घसा बसलेला आवाज डेलियाला आधी कानाला लागत होता, मग लागेना. जेवढा उरलाय तेवढ्यातच त्यानं सगळं बसवलं. डॉक्टर आला, हातमोजे घातलेला, नाकातून बोलणारा. घोडीचे दात बघतो आणि तोंड असं करतो, जसं तिनंच त्याला फी मागितलीय. मग एकडोळ्या दलाल. याचा हात ओढतो, त्याचा हात ओढतो, म्हणतो, 'अहो, मी दोघांचाही भाऊ, मला यात एक छदाम नको,' आणि एक डोळा दोघांच्याही खिशावर. फेस्टी हसला. नको नको म्हणताना हसला, आणि मग पॅकी हसला, आणि भिंतीशी उभी ऑर्लाही. थेडी पाठ फिरवून निघून जातो, दलाल मागं धावतो, पुन्हा आणतो. तळहातावर थुंकायचं, हात वर न्यायचा, आणि टाळी. सौदा झाला.

सिनेमा इथं संपला होता.

मॅलकी पाण्याचा एक घोट प्यायला. मग पुढं निघाला, आणि आता आवाज खालीच राहिला. घोडी विकली तरी दावं विकायचं नसतं. रिकामं दावं हातात घेऊन थेडी घरच्या वाटेला लागला. तिठ्यावर मागून टापा ऐकू आल्या. घोडी जुंपलेली डॉक्टरची गाडी दुसऱ्या रस्त्यानं चालली होती. घोडीनं थेडीला ओळखलं आणि एकदा खिंकाळली. एकदाच. 'माझी एक शीळ होती तिच्यासाठी,' थेडी म्हणत होता. 'ती घातली असती तर गाडीसकट आली असती. मी बोटं तोंडाशी नेली. आणि खाली घेतली. सौदा तो सौदा.'

बिडी उघडउघड रडत होती. डेलियाला हे सगळं पाठ होतं, तरी घोडी वळेल का याची ती वाट बघत होती. आपला भाऊ केवढा मोठा आहे, हे तिला ठाऊक होतंच. पण हा मोठेपणा कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, पाच माणसांसमोर, तुटक्या गळ्यानं असा उभा राहील असं तिला वाटलं नव्हतं.

'अंधारून आलं होतं,' मॅलकी म्हणाला. 'चुलीचा धूर दिसला. आणि दारात ती—'

आवाज थांबला.

ओठ हलत होते, पण बाहेर नुसती हवा येत होती. त्यानं पाणी घेतलं, गळ्यावर हात ठेवला, पुन्हा सुरुवात केली. काही नाही. कॉर्कच्या काळोखात अख्खा अंक ओढून नेणारा माणूस आता शेवटच्या चार-दोन वाक्यांवर उभा होता आणि त्याच्यापाशी ती म्हणायला काही उरलं नव्हतं. ऑर्ला पुढं धावली. मॅलकीनं तिला हातानं थांबवलं. त्यानं कोणाकडंही पाहिलं नाही, फक्त फेस्टीकडं पाहिलं, आणि ओठ पुन्हा हलवले, सावकाश.

फेस्टी ते ओठ बघत होता. मग तो दाराजवळून चालत मधे आला आणि भावाच्या शेजारी उभा राहिला. त्याला आवाज काढता येत नव्हते, हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं. स्वतःच्याच साध्या आवाजात, शेतावर बोलतो तशा, तो म्हणाला,

"दारात ती उभी होती. माझ्या हातातलं दावं तिनं पाहिलं. काही बोलली नाही. ते घेतलं आणि खुंटीला लावलं. मग म्हणाली, 'थेडी, हात धू. बटाटे निवतायत.'"

पॅकी लूनीनं नाक शिंकरलं.

"आता हाक कोणाची?" त्यानं विचारलं.

मॅलकीनं बोट फेस्टीकडं केलं.